सूट नको, मग काय?

कोट-टायच्या सूटमध्ये उकडतं, ही तक्रार मी एका आकड्यात उरकतो, कारण ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अंगावरच्या कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे. १९४१ साली संशोधकांनी ते ठरवलं. २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला थंडीही वाजू नये आणि उकडूही नये, एवढी ऊब म्हणजे एक क्लो. आणि माप म्हणून त्यांनी काय धरलं? साधा कचेरीतला सूट. तेव्हा सूट हा २१ अंशांचा पोशाख आहे, ही माझी कुरकुर नाही, व्याख्याच तशी आहे. बाहेर पस्तीस अंश असताना तो घालायचा तर आधी इमारत थंड करावी लागते.

जपानने २००५च्या उन्हाळ्यात हा हिशेब उलटा मांडला. ‘कूल बिझ’ या मोहिमेत पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं, कचेरीतलं तापमान २८ अंशांवर ठेवा आणि जॅकेट-टाय घरी ठेवा. पण परिपत्रक निघालं म्हणून कोण टायशिवाय साहेबांसमोर जाणार? पंतप्रधान कोइझुमी स्वतः ओकिनावाचा मोकळा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून कामाला आले, तेव्हा खालच्यांना धीर आला. हा धीराचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी सूट नेमकं काय करतो ते बघू. खांदा आतल्या अस्तरामुळे आणि पॅडमुळे सरळ दिसतो. कॉलर आणि लॅपेल (कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्ट्या) छातीवर ‘व्ही’ आखतात, त्यामुळे बघणाऱ्याची नजर चेहऱ्याकडे जाते. पण सगळ्यात मोठं काम कमरेपाशी होतं. शर्ट खोचून पट्टा लावला की माणसाचे दोन तुकडे दिसतात, वरचा एक आणि खालचा एक. पोट असेल तर ही सीमा फारच ठळक होते. (इथे हसणारे बहुतेक माझ्याच वयाचे दिसतात.) जॅकेट ती सीमा झाकतं आणि माणूस सलग दिसायला लागतो.

आता जगातले टिकून राहिलेले पर्याय बघा. फिलिपिन्सचा बारोंग हा शर्ट अननसाच्या पानांच्या तंतूंचा, इतका झिरझिरीत की आतला गंजी दिसतो. लॅटिन अमेरिकेतल्या ग्वायाबेरा शर्टाला चार खिसे आणि छातीवर बारीक चुण्यांच्या उभ्या पट्ट्या. दोन्ही खोचायचे नसतात. दोन्हींची खालची कड सरळ कापलेली आणि बाजूला चीर असते. म्हणजे कंबर झाकली, उभी रेघ मिळाली आणि अस्तर, पॅड, टाय यांतलं काहीच लागलं नाही. बंदगळा किंवा चीनचे नेते सुन यत-सेन यांच्या नावाने ओळखला जाणारा चार खिशांचा कोट यांनी गळ्याचा प्रश्न सोडवला. कॉलर वरपर्यंत बंद, मग टाय अडकवायला जागाच उरत नाही. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस १९८२ साली नोबेल घ्यायला गेले ते असाच बंद कॉलरचा पांढरा लिकिलिकी घालून. आजूबाजूला सगळे टेलकोट. फोटो बघा, ते उणे कुठेच दिसत नाहीत.

मला स्वतःला टी-शर्टवर ब्लेझर हा प्रकार का पटत नाही, तेही यातून कळेल. गळा उघडा, ब्लेझर सुटा, कंबर दिसतेय. सूटमधलं उकडणं तेवढं ठेवलं आणि त्याचे गुण सोडून दिले.

आता धीराकडे. कापड आणि बेत कितीही चांगला असला तरी पहिल्यांदा तो कोण घालतं याला महत्त्व आहे. फिलिपिन्सचे रामोन मागसायसाय (मॅगसेसे) १९५३ साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला बारोंग घालून उभे राहिले, आणि पुढे कुणाला तो घालताना कमीपणा वाटायचं कारण उरलं नाही. ग्वायाबेराला क्यूबाने २०१०मध्ये सरकारी समारंभांचा अधिकृत पोशाख ठरवलं. आणि सूटचं तरी काय? ऑक्टोबर १६६६मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारात जाहीर केलं की यापुढे आपण लांब बंडी घालणार. आजच्या थ्री-पीसचं (कोट, बंडी आणि पँट) मूळ साधारण तिथपर्यंत जातं. म्हणजे सूट हाही एके काळी पर्यायच होता, वरून आलेला.

पण वरून आलेलं सगळं पचतं असं नाही. झाईरमध्ये (आजचा काँगो) हुकूमशहा मोबुतूंनी सत्तरच्या दशकात सूट-टायवर बंदी घातली आणि आबाकोस्त नावाचा बंद गळ्याचा कोट सक्तीचा केला. टायपासून सुटका झाली, सक्तीपासून झाली नाही. १९९०मध्ये एकपक्षीय राजवट सैल झाली, त्याबरोबर ती सक्तीही गेली. उलट न्यूझीलंडमध्ये २०२१ साली माओरी खासदार रविरी वाइटिटी टायऐवजी गळ्यात हिरव्या दगडाचं पारंपरिक पदक घालून सभागृहात आले. सभापतींनी त्यांना बाहेर काढलं आणि काही दिवसांतच टायचा नियमच रद्द झाला.

ज्यांच्यामागे ना राज्य ना संसद, त्यांनी काय करावं? युक्रेनच्या झेलेन्स्कींचं, फक्त कपड्यांपुरतं, उदाहरण बघा. फेब्रुवारी २०२५मध्ये व्हाइट हाउसमध्ये एका पत्रकाराने त्यांना सूट का नाही म्हणून टोकलं. ऑगस्टमध्ये ते सैनिकी घाटाचं काळं जॅकेट आणि काळा शर्ट घालून आले. टाय तेव्हाही नव्हता, पण या वेळी त्याच पत्रकाराने तारीफ केली. एक नीट बसणारं जॅकेट आणि वरून खालपर्यंत एकच रंग, एवढ्यावर काम झालं.

म्हणून शिंप्याकडे जाताना खिशात सूटचे पैसे नसले तरी चालेल, तीन गोष्टींवर मात्र अडून बसा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यावी. कॉलर बंद केल्यावर मान वळली पाहिजे. आणि लांबी पट्ट्याच्या बरीच खाली, बसलात तरी कंबर उघडी पडू नये इतकी. पँट त्याच रंगाची किंवा त्याहून गडद घ्या. कापडाचं विचाराल तर लिननला सुरकुत्या पडणारच, त्या पडू द्या.