उंच चिमणी कोणी बांधायला लावली?

मित्रहो, मला दिलेला विषय आहे ‘जागतिक तंत्रज्ञान कंपन्या आणि त्यांचं प्रादेशिक सामाजिक धोरण’. विषय इतका ऐसपैस आहे, की यावर तासभर बोलूनही काहीच न बोलल्यासारखं करता येतं. कंपन्यांचे वार्षिक अहवाल तेच करत असतात. हिरवं मुखपृष्ठ, आत हसणारी शाळकरी मुलं आणि पानोपानी ‘शाश्वत’ हा शब्द. म्हणून आज मी एकाच कंपनीविषयी बोलणार आहे, हिताचीविषयी. माझं आयुष्य विजेच्या लाइनींच्या कामात गेलं, त्यामुळे या कंपनीची एक बाजू मला थोडीफार जवळून दिसते, हे एक कारण. दुसरं म्हणजे ही कंपनी ‘सामाजिक नवोपक्रम’ हा आपला बाजूचा उद्योग आहे असं म्हणत नाही, तोच आमचा मुख्य धंदा आहे असं म्हणते. तेव्हा त्याच मापानं तिला तोलायला हरकत नाही.

आपल्याकडे हिताची म्हटलं की एसी आठवतो. मुळात हे जपानमधल्या इबाराकी प्रांतातल्या एका गावाचं नाव. तिथं तांब्याची एक जुनी खाण होती. 1905 मध्ये कुहारा फुसानोसुके नावाच्या उद्योजकानं ती विकत घेतली आणि तिला गावाचं नाव दिलं. तांब्याच्या खनिजात गंधक असतं. ते भट्टीत गेलं की सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. खाण वाढली, भट्ट्या वाढल्या आणि आसपासच्या खेड्यांतली पिकं करपायला लागली. तंबाखूचं पान तर या वायूला फारच हळवं, त्याच्यावर लगेच डाग पडतात. डोंगरावरची झाडं वाळली. शेतकरी उठले.

अशा वेळी काय होतं, हे जपाननं नुकतंच पाहिलं होतं. आशिओ नावाच्या दुसऱ्या तांब्याच्या खाणीनं वातारासे नदीचं पाणी नासवलं होतं. तनाका शोझो या लोकप्रतिनिधीनं संसदेत वर्षानुवर्षं आवाज उठवला, शेवटी खासदारकी सोडली आणि 1901 मध्ये थेट सम्राटाच्या हाती अर्ज द्यायला रस्त्यावर धावला. सरकारनं काय केलं? यानाका हे आख्खं गाव उठवून तिथं नदीचं पाणी साठवायची जागा केली. 1907 मध्ये शेवटची घरं पाडली. तंट्याचं कारण खाणीत होतं, आणि मिटवलं गाव.

हिताचीत तसं झालं नाही, पण सुरुवातीला फार शहाणपण होतं असंही नाही. आधी डोंगराच्या धारेवरून एक लांबलचक नळ टाकला आणि त्याला ठिकठिकाणी भोकं ठेवली, म्हणजे धूर थोडा थोडा सुटेल. लोकांनी त्याला गोमेची चिमणी म्हटलं. धूर जमिनीलगतच राहिला. मग सरकारी तज्ज्ञांचा आदेश आला, की धूर हवेत मिसळून पातळ करूनच सोडा, आणि त्यासाठी बुटकी, जाडजूड चिमणी बांधा. 1913 मध्ये ती बांधली. साधारण 36 मीटर उंचीची. हिनं तर आधीपेक्षा जास्त नुकसान केलं. गावकऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘मूर्खाची चिमणी’. सरकारी आदेशाचा इतका नेमका शेरा मी फाइलवर क्वचित पाहिला आहे.

या सगळ्या काळात इरिशिकेन गावातली तरुण मंडळी खाणीशी बोलणी करत होती. नुसती नुकसानभरपाई घ्या आणि गप्प बसा, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, धूर थांबवा. खाणीनं हवामानाची निरीक्षणं घ्यायला सुरुवात केली होती. वर, उंचावर, वारा वेगळा वाहतो हे त्यातून ध्यानात आलं. तेव्हा कुहारानं सरकारी मताविरुद्ध जाऊन 155.7 मीटरची चिमणी बांधायला घेतली. डिसेंबर 1914 मध्ये ती पुरी झाली. त्या वेळी जगातली सर्वांत उंच. पण नुसत्या उंचीवर ते थांबले नाहीत, आणि मला त्या चिमणीपेक्षा हा भाग मोठा वाटतो. डोंगरांवर ठिकठिकाणी निरीक्षण केंद्रं होती. वारा गावाकडे फिरला की तिथून भट्टीवर फोन जायचा आणि भट्टी मंद करायची. म्हणजे उत्पादन किती काढायचं, हे त्या दिवसापुरतं वारा आणि गाव मिळून ठरवायचे. जोडीला ओशिमा जातीच्या चेरीची लाखो रोपं लावली, कारण हे झाड त्या धुरात तग धरतं. ती चिमणी 1993 मध्ये कोसळली, खालचा एक तृतीयांश भाग तेवढा उभा राहिला. खाणीपासून सुरू झालेली हवामानाची परंपरा मात्र चालू आहे, हिताची शहराची स्वतःची पालिकेची हवामान कचेरी आहे.

आता एक खुलासा करायला हवा, नाहीतर जाहिरात होईल. चिमणी खाणीची, आजच्या हिताची कंपनीची नव्हे. कंपनीचा जन्म खाणीच्या दुरुस्ती वर्कशॉपात झाला. ओदाइरा नामिहेइ नावाचा इंजिनियर तिथं यंत्रं फिरवणाऱ्या परदेशी विजेच्या मोटर दुरुस्त करायचा. 1910 मध्ये त्यानं स्वतःची 5 अश्वशक्तीची तशी मोटर बनवली आणि 1920 मध्ये कंपनी खाणीपासून वेगळी झाली. तेव्हा चिमणीचं श्रेय हिताची लिमिटेडनं घेऊ नये. पण जिथं ही कंपनी वाढली, तिथली माती ही अशी होती.

मधली शंभर वर्षं मी गाळतो. टीव्ही, फ्रिज, संगणकाच्या हार्ड डिस्क, सगळं बनवून झालं. मार्च 2009 ला संपलेल्या वर्षात कंपनीला 78,730 कोटी येनचा तोटा झाला. जपानी कारखानदारीत तोवर एवढा तोटा कोणालाच झाला नव्हता. उपकंपनीत गेलेल्या कावामुरा ताकाशींना वयाच्या 69 व्या वर्षी परत बोलावून खुर्चीवर बसवलं. त्यांनी धंद्याची दिशाच बदलली. हार्ड डिस्कचा धंदा विकला, स्वतः टीव्ही बनवणं बंद केलं आणि कंपनी वीज, रेल्वे, पाणी, शहरं आणि त्यांच्यामागची संगणक यंत्रणा यांकडे वळली. याला नाव दिलं ‘सोशल इनोव्हेशन बिझनेस’. म्हणजे हे धोरण दानधर्मातून आलं नाही, दिवाळखोरीच्या भीतीतून आलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट कंपनी प्रेमापोटी समाजकार्य करते म्हणाली, की मी खिसा चाचपतो.

हे धोरण वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळं दिसतं. हवाई बेटांमधल्या माउई बेटावर रात्री वारा भरपूर आणि विजेला गिऱ्हाईक कमी, म्हणून पवनचक्क्यांची वीज वाया जायची. तिथं जपान सरकारच्या मदतीनं हिताचीनं लोकांच्या विजेवरच्या मोटारी नेमक्या त्या वेळी चार्ज करायची व्यवस्था बसवून पाहिली. भारतात हीच कंपनी एटीएम चालवते. बँकेची पाटी नसलेलं, ‘हिताची मनी स्पॉट’ लिहिलेलं एटीएम तुम्ही एखाद्या तालुक्याच्या गावी पाहिलं असेल. 2023 मध्ये त्यांनी यूपीआयवर चालणारं एटीएम आणलं. पडद्यावरचा कोड मोबाइलनं टिपायचा, पिन टाकायचा, नोटा बाहेर. कार्ड लागतच नाही. जळगावात या समूहाशी जोडलेल्या अस्टेमोचा ब्रेकचा कारखाना आहे, त्यानं आवारात सौर पॅनल उभे केले. ही कामं ठीक आहेत. त्यांच्यावर जास्त वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते मुंबईच्या विजेबद्दल.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली. लोकल जिथल्या तिथं थांबल्या. करोनाचे दिवस, आणि इस्पितळं जनरेटरवर. कळव्याकडच्या लाइनी ट्रिप झाल्या आणि शहराला बाहेरून वीज आणायला पुरेशी दुसरी वाट नव्हती. मुंबईत नवी वाट काढायची म्हणजे टॉवरला जागा नाही, आणि नेहमीच्या एसी विजेची केबल जमिनीखालून फार लांब नेता येत नाही. एसीची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. दर खेपेला केबल स्वतःच भरते आणि रिकामी होते. लांबी वाढली, की वाहून न्यायच्या विजेतला मोठा वाटा हे भरणंच खाऊन टाकतं. डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या, विजेला हा त्रास नाही. म्हणून वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून मुंबईत आरेपर्यंत 1000 मेगावॉटची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी विजेची, लाइन आखली. साधारण 80 किलोमीटर, त्यातली 50 जमिनीखालून. लाइन अदानी समूहाची, आणि दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी करणारी यंत्रणा हिताची एनर्जीची. हिताचीनं 2020 मध्ये एबीबी या युरोपीय कंपनीचा पॉवर ग्रिडचा धंदा घेतला, त्यातून हे कसब त्यांच्याकडे आलं. या जातीची यंत्रणा तुलनेनं थोड्या जागेत बसते आणि अंधारात गेलेलं जाळं पुन्हा उठवायला मदत करू शकते. इंजिनियर म्हणून सांगतो, काम देखणं आहे.

एबीबीनं याआधी महाराष्ट्रात अशी एक लाइन दिलेली आहे. भेल या सरकारी कंपनीच्या साथीनं उभारलेली चंद्रपूर ते पडघे, 752 किलोमीटर, 1500 मेगावॉट, 1999 च्या सुमाराची. तिचा अर्थ अगदी सरळ आहे. कोळसा चंद्रपुरात जळतो, दिवा मुंबईच्या बाजूला लागतो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र आज 2,920 मेगावॉटचं आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये अतिप्रदूषित भागांची यादी केली त्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होतं. लाइन जितकी चांगली, तितकं धूर आणि दिवा यांच्यातलं अंतर वाढवता येतं. यात लाइन बनवणाऱ्याचा दोष नाही. पण ‘आमच्या तंत्रज्ञानामुळे इतके टन कार्बन वाचला’ असा हिशेब मांडताना लाइनीचं दुसरं टोक त्या कागदावर सहसा नसतं.

गंधकाचंच बघा. आपल्या औष्णिक केंद्रांनी सल्फर डायऑक्साइड पकडणारी संयंत्रं बसवावीत असा नियम डिसेंबर 2015 मध्ये झाला. मुदत दोन वर्षांची होती. मग ती वाढली, पुन्हा वाढली. जुलै 2025 मध्ये केंद्रानं बहुतेक केंद्रांना या अटीतून सूट दिली, आणि सूट कशावर? चिमणीची उंची निकषात बसते का, यावर. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांचा निर्णय एकेक करून व्हायचा आहे. कुहाराच्या काळात धुरातलं गंधक पकडायची धड सोय नव्हती, म्हणून त्यानं चिमणी उंच केली आणि वारा उलटला की भट्टीही मंद केली. आपण त्यातली चिमणी तेवढी घेतली.

कुडूसकडे येतो. हा भाग वाडा कोलमचा, 2021 मध्ये या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. खाचरात टॉवर उभा राहिला, की चार पायांमधली जागा गेली आणि भोवती ट्रॅक्टर वळवायलाही अडचण. तारेखालच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, झाड वाढवता येत नाही. गंमत म्हणजे ही जमीन कागदोपत्री संपादित होत नाही. सातबारावर नाव शेतकऱ्याचंच राहतं, कारण लाइन टाकायचा अधिकार येतो 1885 च्या तार (टेलिग्राफ) कायद्यातून. त्या कायद्यात भरपाई आहे ती झालेल्या नुकसानीची. पुढं 2015 मध्ये केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं काढली. टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के. जून 2024 मध्ये ते आकडे 200 आणि 30 टक्क्यांवर गेले. हे काही सरकारला आपोआप सुचलं नाही. देशभर गावोगाव लोक तार ओढू देईनात, कामं अडकली, तेव्हा आकडे हलले. वसई खाडीच्या बाजूला तिवरांचाही प्रश्न होता, आणि तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तीही पर्यावरणवाद्यांनी वर्षानुवर्षं कज्जा चालवला म्हणून लागते.

कंपनी कायद्यातली दोन टक्क्यांची तरतूद, आपण ज्याला सीएसआर म्हणतो, ती 2014 पासून लागू आहे. कंपनीनं आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. त्यातून शाळेला बाक मिळतात, दवाखान्याला यंत्र मिळतं. मिळू देत. पण टॉवर खाचरातून न्यायचा की बांधावरून, केबल कुठून जमिनीखाली घालायची, हे त्या पैशातून ठरत नाही. ते लाइनीच्या आखणीत ठरतं, आणि आखणीच्या टेबलावर हिताचीसारखी कंपनी पुरवठादार म्हणून बसलेली असते. मालक ती नसते, हे खरं. पण समाजाचे प्रश्न सोडवणं हाच आमचा धंदा असं जी म्हणते, तिनं ‘आम्ही फक्त यंत्र दिलं’ हे उत्तर देऊ नये, एवढं माझं म्हणणं आहे.

मला नेहमी विचारतात, जास्त भरपाई दिली तर वीज महागणार नाही का? महागेल, थोडी. लाइनीचा खर्च वीज नियामक आयोग मंजूर करतो आणि तो ग्राहकांच्या बिलांतून वसूल होतो. त्याआधी आयोग जनसुनावणी घेतो, कोणीही हरकत नोंदवू शकतं. अशा सुनावण्यांना उद्योगांचे प्रतिनिधी येतात, ग्राहक संघटना येतात, दर कमी करा म्हणून आकडेवारीनिशी भांडतात, आणि चांगलं भांडतात. वाड्याचा शेतकरी तिथं दिसत नाही. त्याच्या घरी बिल महावितरणचं येतं. मुंबईच्या लाइनीची सुनावणी आपल्या कामाची आहे, हे त्याला कळवायची जबाबदारी आज कोणाच्याच अंगावर नाही.