ठिकाण एक, माणसं थोडी

नमस्कार श्रोतेहो. सुट्टीवर जाताना काहीतरी हलकंफुलकं पुस्तक घ्यावं, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला तो कधीच पटलेला नाही. हलकंफुलकं पुस्तक एकदा खाली ठेवलं की ठेवलंच. सुट्टीत कादंबरी हवी ती काळीकुट्ट, रात्री दिवा मालवू न देणारी. ती निवडायची कशी, एवढंच आज बोलणार आहे.

माझी कसोटी साधी आहे. ठिकाण एक, माणसं थोडी. पुन्हा सांगतो, ठिकाण एक, माणसं थोडी. सुट्टीतलं वाचन तुकड्यातुकड्यानं होतं. दहा पानं होतात न होतात तोच कुणी हाक मारतं, नाहीतर गाडीची वेळ होते. तीन पिढ्या आणि वीस पात्रं असलेला ठोकळा घेतलात, तर दर वेळी ‘हा कोण बरं?’ म्हणत मागची पानं उलटत बसाल. एक घर, सातआठ माणसं आणि त्यातलं एक जण खोटं बोलतंय, एवढाच मामला असेल तर धागा सुटत नाही. शिवाय सुट्टीत आपण स्वतःच अनोळखी माणसांत उतरलेले असतो. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी सांगितलेलं नाव खरं की खोटं, आपण कुठं बघायला जातो?

यावरून खुनाच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती यांची गोष्ट सांगतोच. माहीत असली तरी ऐका, मला सांगायला आवडते.

साल 1926. त्या वर्षी अगाथाबाईंची आई वारली. त्यातच नवऱ्यानं सांगितलं, माझं दुसरीवर प्रेम आहे, मला घटस्फोट दे. त्या दुसरीचं आडनाव नील. हे आडनाव ध्यानात ठेवा. 3 डिसेंबरच्या रात्री बाई एकट्याच गाडी घेऊन घरातून निघाल्या. सकाळी गाडी सापडली ती सरे परगण्यात, उतारावर, झुडपांत. आत फरचा कोट आणि ड्रायव्हिंग लायसन्स. बाईंचा पत्ता नाही.

झालं! पोलीस निघाले, हजारो स्वयंसेवक निघाले, कुत्री आली, वरून विमानं फिरली. जवळचं तळं ढवळून झालं. नवऱ्याकडे लोक संशयानं बघू लागले. आणि शेरलॉक होम्सला जन्म देणारे कॉनन डॉयल? त्यांनी बाईंचा एक हातमोजा मिळवला आणि नेला कुठं, तर आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या एका गृहस्थाकडे! पुराव्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या होम्सचा बाप हा. लेखकाला त्याच्या पात्राइतकी अक्कल असतेच असं नाही, हे माझं जुनं मत आहे. असो.

बाई कुठं होत्या? दूर उत्तरेला, हॅरोगेट नावाच्या गावात. तिथं लोक पाण्याचे उपचार घ्यायला आणि विश्रांतीला जात. चांगल्या हॉटेलात बाई उतरल्या होत्या. संध्याकाळी बँड वाजायचा, त्यावर नाच चालायचा, बाईही त्यात असायच्या. सकाळी पाहुणे पेपर उघडत. पहिल्या पानावर बाईंचा फोटो, आणि बाई त्याच हॉटेलात! शेवटी कुणाच्या लक्षात आलं? बँडमधल्या वादकांच्या. ते पोलिसांकडे गेले. 14 डिसेंबरला नवरा आला आणि त्यानं बायकोला ओळखलं. हॉटेलच्या वहीत नाव होतं, मिसेस तेरेसा नील, मुक्काम केपटाऊन. नील! सवतीचं आडनाव.

स्मृती गेली होती, असं जाहीर झालं. आता सगळं विसरलेल्या बाईला नेमकं तेवढंच आडनाव कसं आठवलं, ते तुम्हीच ठरवा. बाईंचं आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये आलं. त्यात या प्रकरणाबद्दल चकार शब्द नाही.

पुढे 1939 मध्ये याच बाईंनी एका कादंबरीत दहा माणसं एका बेटावर नेऊन ठेवली आणि एकेकाला संपवत नेलं. आज ती ‘अँड देन देअर वेअर नन’ या नावानं मिळते. ठिकाण एक, माणसं थोडी. सुट्टीसाठी याहून चांगली कादंबरी मला ठाऊक नाही. प्रेतं मोजायचा कंटाळा असेल तर दाफ्ने द्यु मॉरिएची 1938 सालची ‘रिबेका’ घ्या. निवेदिकेचं नावसुद्धा शेवटपर्यंत कळत नाही, आणि त्या मोठ्या घरात मेलेली पहिली बायकोच जास्त जिवंत वाटते. आणि ऊन हवं, समुद्र हवा, पण मन काळं हवं, तर पॅट्रिशिया हायस्मिथची 1955 सालची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’. तिथं खुनी कोण हे शोधायचं नाही, खुन्याच्या डोक्यात जाऊन राहायचं. त्याची लबाडी उघडी पडू नये असं आपल्याला वाटायला लागतं, तेव्हा जरा स्वतःचीच भीती वाटते.

मलपृष्ठावर ‘शेवटच्या पानाचा धक्का तुम्हाला हादरवून टाकेल’ असं छापलेलं असेल तर ते पुस्तक मी परत ठेवतो. धक्का येणार हे आधीच सांगितलं, आता उरलं काय? वाचक पहिल्या पानापासून फक्त वाट बघत बसतो. हे छापणाऱ्यांना कुणीतरी आवरायला हवं.

घरात नुकतंच कुणाचं आजारपण किंवा मृत्यू झाला असेल, तर त्याच विषयाची कादंबरी या वेळी नको. दुसरा अंधार निवडा, पुष्कळ आहेत.

आणि पहिली तीसचाळीस पानं घरीच वाचा. हो, निघण्याआधी, घरीच. पकड बसली तर बॅगेत टाका, नाही बसली तर अजून बदलायला वेळ असतो. पुस्तक सोबतच्या माणसालाही वाचायचं असेल, तर जेवताना तोंडावर ताबा ठेवा. खुनी कोण ते सांगून टाकणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही.

नमस्कार.