उतरताना तापणारा वारा

नमस्कार मंडळी. आज वाऱ्याबद्दल बोलायचंय, आणि त्यातही अशा वाऱ्याबद्दल जो डोंगरावरून खाली उतरतो आणि उतरता उतरता तापतो. शाळेत भूगोलाच्या पेपरात जोड्या लावा यायच्या, आठवतंय? एका बाजूला फॉन, चिनूक, बोरा, लू आणि दुसऱ्या बाजूला आल्प्स, रॉकी, एड्रियाटिकचा किनारा, उत्तर भारत. रेघा मारल्या, मार्क मिळाले, धडा संपला. मी पंचवीसेक वर्षं भूगोल शिकवला आणि सुरुवातीला मी पण तसाच शिकवायचे, चिनूक म्हणजे हिमभक्षक, लिहून घ्या, चला पुढे. मग एक दिवस सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, बाई, डोंगरावर तर थंड असतं ना, मग डोंगरावरून येणारा वारा गरम कसा काय?

इतका सरळ प्रश्न, आणि पुस्तकात त्याचं उत्तर दीड ओळीत उरकलेलं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आणि ती मुलगी एकटी नव्हती बरं का. आल्प्समध्ये राहणाऱ्या लोकांनाही हाच प्रश्न पडलेला. भर थंडीत दक्षिणेकडून, म्हणजे बर्फाच्या शिखरांवरून फॉन नावाचा वारा यायचा आणि दरीत एकदम उन्हाळ्यासारखं व्हायचं. तेव्हाच्या मोठमोठ्या अभ्यासकांना वाटायचं की हा वारा आफ्रिकेतून, सहारा वाळवंटातून येत असणार, नाहीतर इतका गरम आणि कोरडा कुठून असणार! पण असाच वारा ग्रीनलंडमध्येही वाहतो, तिथे चहूकडे बर्फ, तिथे कुठलं वाळवंट? १८६६ मध्ये ऑस्ट्रियाच्या युलियस हान या हवामानशास्त्रज्ञाने हे कोडं उलगडलं. वारा गरम जागेवरून आलेला नसतो, तो खाली उतरला म्हणून गरम होतो. बस, एवढंच.

आता हे कसं, तर सायकलचा पंप आठवा. जोरजोरात हवा भरली की पंपाची खालची नळी हाताला गरम लागते, कारण आतली हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा तापते. उलट ट्यूबचा व्हॉल्व दाबून हवा सोडली तर ती बोटाला गार लागते. डोंगरावर हेच होतं फक्त पंप म्हणजे आख्खं वातावरण. वर प्रेशर कमी, खाली जास्त. हवा वर चढली की पसरते, गार होते, आणि खाली उतरली की आजूबाजूची हवा तिला दाबते आणि ती तापते. कोणी चूल लावलेली नाही, ऊन लागलेलं नाही, रात्रीसुद्धा तापते. आणि याचा हिशोब अगदी ठरलेला आहे, कोरडी हवा हजार मीटर उतरली की जवळपास १० अंशांनी तापते. हजार मीटर चढली तर १० अंशांनी गार होते.

मग तुम्ही म्हणाल, चढताना १० गेले, उतरताना १० आले, हिशोब बरोबर सुटला, गरम कुठे झालं? इथे पाऊस मध्ये येतो. चढणारी हवा गार होत गेली की तिच्यातल्या वाफेचे ढग होतात, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तीच उष्णता जी ते पाणी वाफ होताना समुद्रावरून घेऊन निघालेलं असतं. त्यामुळे ढगात शिरल्यानंतर हवा हजार मीटरला १० नाही, साधारण ६ अंशच गार होते. समजा, पायथ्याशी २० अंशाची हवा आहे. पहिले हजार मीटर कोरडीच चढली, १० अंश झाली. पुढचे दोन हजार मीटर ढगातून, पाऊस पाडत चढली, १२ अंश गेले, म्हणजे माथ्यावर उणे २. आता पाणी सांडून रिकामी झालेली ही हवा पलीकडे तीन हजार मीटर उतरते, आणि उतरताना पूर्ण ३० अंश मिळवते. पलीकडच्या पायथ्याशी २८ अंश. निघाली २० ला, पोचली २८ ला. मला हा हिशोब फार आवडतो, फळ्यावर मांडला की पोरांचे डोळे मोठे व्हायचे.

पण तेवढंच खरं नाही हेही सांगायला हवं, कारण पुस्तकं इथेच थांबतात. कित्येकदा अलीकडे थेंबभर पाऊस पडत नाही तरी पलीकडे गरम वारा सुटतो. होतं असं की डोंगराच्या अलीकडे थंड जड हवा साचून राहते, तिला डोंगर चढवतच नाही, ती अडकून पडते. मग पलीकडे जी हवा उतरते ती मुळात वरच्या थरातली, माथ्याच्या उंचीवरची, आधीच कोरडी. ती नुसती खाली ओढली जाते आणि वाटेत तापते. आता गरम हवा तर वर जाते ना, मग ही खाली का येते? ओढ्यात मोठा धोंडा असला की पाणी त्याच्यावरून कसं सरसरून खाली जातं आणि पुढे उसळतं, तसंच वाऱ्याचं होतं. वारा डोंगरावरून लाटेसारखा खाली आपटतो, पुढे उसळतो, परत खाली येतो. म्हणून हे वारे नुसते गरम नसतात तर भयंकर जोराचेही असतात, आणि विमानवाले अशा डोंगरांच्या पाठीमागून जाताना फार जपून असतात.

चिनूकचं सांगते. हे नाव मुळात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणाऱ्या चिनूक लोकांचं. पॅसिफिकवरून आलेली हवा रॉकी पर्वत ओलांडून पूर्वेला कॅनडातलं अल्बर्टा, अमेरिकेतलं मोंटाना या सपाट मुलखात उतरते. कॅलगरी शहर बरोबर त्या पायथ्याला आहे. माझी मावसबहीण तिथे असते, ती जानेवारीत फोनवर सांगते, ताई, पश्चिमेला कमान दिसतेय, उद्या स्वेटरवर फिरणार. कमान म्हणजे ढगांचा एक लांबच लांब पट्टा, त्याची कड सुरीने कापल्यासारखी, आणि त्या कडेखाली डोंगरावर निळ्या स्वच्छ आकाशाची चिरी. ती दिसली की चिनूक आला. उणे २० वरून दुसऱ्या दिवशी अधिक १० व्हायला वेळ लागत नाही, गुडघाभर बर्फ एकदोन दिवसांत गायब. पाणी साचलंय असंही नाही, कारण हवा इतकी कोरडी की बराचसा बर्फ पाणी न होताच सरळ वाफ होऊन जातो. हिमभक्षक हे नाव लोकांनी उगाच नाही दिलेलं. पण माझी बहीण असंही म्हणते की चिनूकच्या दिवशी तिचं डोकं ठणकतं, आणि हे मनाचे खेळ नाहीत, तिथल्या डॉक्टरांनी मायग्रेनच्या पेशंटवर अभ्यास करून २००० साली छापलंय की काही जणांना खरंच चिनूकमुळे त्रास होतो.

आकडे ऐकाल तर विश्वास बसणार नाही. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात ब्लॅक हिल्स डोंगराच्या पायथ्याशी स्पिअरफिश नावाचं गाव आहे. २२ जानेवारी १९४३, सकाळी साडेसात वाजता टेंपरेचर उणे २०. सात बत्तीसला अधिक ७. दोन मिनिटांत २७ अंश! नऊ वाजेपर्यंत १२ झालं, मग वारा थांबला आणि पुढच्या सत्तावीस मिनिटांत परत उणे २०. खिडक्यांच्या काचा तडकल्या. मोंटानातल्या लोमा गावात १४ आणि १५ जानेवारी १९७२ ला चोवीस तासांत उणे ४८ वरून अधिक ९ झालं, म्हणजे ५७ अंशांचा फरक, एका दिवसातला जगातला सगळ्यात मोठा. स्पिअरफिशला झालं काय तर जमिनीलगत उत्तरेकडच्या थंड हवेचं तळं साचलेलं आणि वरून गरम वारा, आणि त्या तळ्याची कड गावावरून मागेपुढे हिंदकळत होती. थाळीतलं पाणी हिंदकळतं तसं. कड गावाच्या या बाजूला आली की थंडी, त्या बाजूला गेली की वसंत.

याची झाडांना फार मोठी किंमत मोजावी लागते. हवा गरम झाली की सूचिपर्णी झाडांच्या पानांतून पाणी उडायला लागतं, पण मुळं गोठलेल्या जमिनीत असतात, ती पाणी देऊ शकत नाहीत. झाड उभ्या उभ्या वाळतं. अल्बर्टाच्या डोंगरउतारांवर अशा लाल पडलेल्या झाडांचे पट्टेच्या पट्टे दिसतात.

कोरडेपणा हीच यातली खरी गोष्ट आहे असं मला वाटतं, गरमी नंतरची. शून्य अंशाची, वाफेने पूर्ण भरलेली हवा घ्या. तीच हवा २० अंशापर्यंत तापली, वाफ तेवढीच राहिली, तर तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे तिच्यात मावेल त्या वाफेपैकी किती भरली आहे ते, १०० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर येते. हवा तहानलेली होते आणि दिसेल त्याच्यातून पाणी ओढून घेते, मातीतून, गवतातून, लाकडातून, आपल्या ओठांतून. म्हणून या वाऱ्यांचा इतिहास म्हणजे आगींचा इतिहास आहे. स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस गाव, १० मे १८६१ ची रात्र, फॉन सुटलेला, कुठेतरी आग लागली आणि सकाळपर्यंत सहाशेच्या आसपास इमारती खाक, निम्मं गाव उघड्यावर. मायरिंगेन नावाचं गाव तर १८७९ मध्ये जळलं, परत बांधलं आणि १८९१ मध्ये परत जळलं, दोन्ही वेळा फॉनमध्येच. म्हणून तिथल्या गावांतून फॉन सुटला की पहारा बसायचा, उघड्यावर जाळ करायला बंदी, घराबाहेर विडी ओढायलासुद्धा बंदी. तोच फॉन शरद ऋतूत द्राक्षं पिकवतो, मका वाळवतो, म्हणजे शेतकरी त्याची वाटही बघतात. आणि जर्मन भाषेत हेअर ड्रायरलाही फॉनच म्हणतात, आता कळलं ना का ते. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला जे अग्नितांडव आपण टीव्हीवर पाहिलं, तेव्हाही डोंगरांपलीकडच्या उंच वाळवंटी पठारावरून समुद्राकडे उतरणारा वारा होता, सांता आना त्याचं नाव. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हवाईतलं लाहायना शहर जळालं, शंभरच्या आसपास माणसं गेली, तिथेही वारा डोंगर उतरूनच आलेला. आणि अंटार्क्टिकातसुद्धा ६ फेब्रुवारी २०२० ला एस्पेरांझा केंद्रावर १८.३ अंश नोंदवलं गेलं ते याच प्रकारच्या वाऱ्यामुळे. अंटार्क्टिकात १८ अंश, विचार करा.

आता घरी येऊ. माझं माहेर कुंडलिकेच्या काठचं, रायगड जिल्ह्यातलं, पाठीमागे सह्याद्रीची भिंत. पावसाळ्यात आपण या गोष्टीची अर्धी बाजू बघतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की सातशे-आठशे. रस्त्याने तीसेक किलोमीटरचं अंतर! जुलैत कधी पाचगणीच्या टेबल लँडवर उभे राहा, पश्चिमेकडून ढग धावत येतात आणि वाईच्या खोऱ्यावर आले की डोळ्यांदेखत विरतात, कारण हवा उतरायला लागली, तापायला लागली, ढगाची परत वाफ झाली. पर्जन्यछाया हा शब्द आपण पाठ केलाय, पण ती अशी समोर घडताना बघायची गोष्ट आहे. देशावर मात्र फॉनसारखी उष्णता होत नाही कारण पलीकडे पठार आहे, हवा पूर्ण खाली उतरतच नाही. श्रीलंकेत उतरते. तिथे जून-जुलैत मोसमी वारा मधले डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआकडे जातो तेव्हा गरम कोरडा होऊन जातो, कच्चान म्हणतात त्याला.

पण आपल्याकडे दुसरी बाजू फाल्गुनात येते, आणि याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचा वारा सुटतो. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिकडे दुपारी ३८ असेल तर ती हवा ताम्हिणी घाट उतरून खाली कोकणात आली की नुसत्या उतरण्याने आणखी पाचेक अंश मिळवते. म्हणजे ४३. शिवाय समुद्राकडचा खारा वारा अडून बसतो, एरवी अकरा-बारा वाजता येणारा तो दोन-तीन वाजले तरी येत नाही. मुंबईत २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ अंश झालं होतं, मार्चमधला तिथला उच्चांक आहे तो, आणि एप्रिल-मे सोडून मार्चमध्ये कोकणपट्टी एवढी तापते ती अशाच दिवसांत. २०१७ च्या मार्चमध्ये आमच्या भिऱ्याला ४६.५ नोंदवलं गेलं, देशभर बातम्या झाल्या, लोक विचारत होते हे भिरा आहे तरी कुठे. घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे हो, तिन्ही बाजूंनी डोंगर. पुस्तकात याला फॉन म्हणत नाहीत, आल्प्ससारखी उंची नाही, जमीनही तापलेली असतेच, पण उतरणारी हवा तापते हा नियम ताम्हिणीलाही तोच आणि रॉकीलाही तोच.

त्या दिवशी आमच्याकडे पापड तासाभरात कडक व्हायचे, ओठ फुटायचे, आंब्याच्या बारीक कैऱ्या टपाटपा गळायच्या आणि आजी म्हणायची आज जाळ सांभाळा गं. कारण त्याच दिवसांत भातासाठी राब भाजायची, म्हणजे रोपांची जमीन पालापाचोळा जाळून भाजून घ्यायची वेळ असते आणि डोंगरावरचं गवत काडीसारखं वाळलेलं. दरवर्षी कुठे ना कुठे राबातून ठिणगी जाते आणि वणवा डोंगर चढतो, काजूच्या बागा जातात, गोठे जातात. मी लहान असताना आमच्या वाडीची वरची आंब्याची बाग अशीच गेली, सगळे कळशा घेऊन धावले पण वारा इतका की ज्वाळा आडव्या चालत होत्या.

म्हणून कोकणातल्या, घाटाखालच्या ऐकणाऱ्यांना एक सांगते. या दिवसांत सकाळी अंगणातल्या दोरीवरचे कपडे बघा. ते समुद्राकडे उडत असतील, आणि हवा तोंडावर कोरडी लागत असेल, तर वारा घाटावरून उतरलेला आहे. त्या दिवशी राबाला काडी लावू नका, उद्या लावा, परवा लावा. दुपारी कधीतरी कपडे एकदम ढिले पडतील, दोन मिनिटं नुसते लोंबकळतील, आणि मग उलट्या बाजूला, डोंगराकडे उडायला लागतील, आणि अंगाला जरा चिकट, दमट लागेल. तो खारा वारा आला.