फ्लॉरेन्स : घुमटाच्या पायऱ्यांपासून आर्नोच्या संगमापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्स शहराच्या वाट्याला पुष्कळदा अर्धा दिवसच येतो. रोमहून सकाळी निघालेली बस दुपारी शहराच्या वेशीवर उभी राहते, मंडळी कॅथेड्रलच्या चौकात येतात, घुमटाकडे पाठ करून फोटो काढले जातात आणि संध्याकाळी सर्वजण व्हेनिसच्या वाटेला लागतात. ज्यांना आपल्या सहलीचा आराखडा स्वतः ठरवता येतो, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की या शहराला निदान दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि त्यांतील एक दुपार शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या एका स्मारकासाठी राखून ठेवावी. ते स्मारक कोल्हापूरच्या एका छत्रपतींचे आहे. त्याविषयी मी पुढे सविस्तर बोलणार आहे. पण आधी शहरात शिरू या.

सुरुवात घुमटापासूनच करावी. सांता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलचे काम १२९६ साली सुरू झाले आणि पुढे त्याची जबाबदारी लोकर व्यापाऱ्यांच्या संघाकडे आली. भिंती उभ्या राहिल्या, मात्र मधल्या अष्टकोनी जागेवर छत कसे घालायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ही जागा सुमारे ४५ मीटर रुंद होती आणि घुमटाचे काम जमिनीपासून पन्नास मीटरांहून अधिक उंचीवर सुरू करायचे होते. कमान किंवा घुमट बांधताना खालून लाकडी सांगाड्याचा आधार देण्याची पद्धत होती. पण एवढ्या उंचीचा आणि एवढ्या पसाऱ्याचा सांगाडा उभारण्याइतके लाकूड आणायचे कोठून, हाच मोठा प्रश्न होता. १४१८ मध्ये संघाने स्पर्धा जाहीर केली आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने असा सांगाडा न वापरता घुमट बांधून दाखवण्याची तयारी दर्शवली. तो मुळात सोनारकामात तयार झालेला कारागीर होता. १४२० मध्ये काम सुरू झाले आणि १४३६ मध्ये घुमट पूर्ण झाला.

त्याने हे कसे साधले, ते खाली चौकात उभे राहून समजत नाही. त्यासाठी वर चढावे लागते. पायऱ्या ४६३ आहेत आणि लिफ्ट नाही. जिना अरुंद आहे, काही ठिकाणी दोन्ही खांदे भिंतींना घासतात; म्हणून ज्यांना गुडघ्यांचा, हृदयाचा किंवा कोंदट जागेचा त्रास आहे, त्यांनी हा मोह टाळलेला बरा. जे चढतील त्यांच्या लक्षात येईल, की घुमट एक नसून दोन आहेत. आत एक जाड कवच, बाहेर दुसरे पातळ कवच, आणि जिना या दोहोंच्या मधल्या पोकळीतून वर जातो. या पोकळीत थोडे थांबून भिंतीच्या विटा अवश्य पाहाव्यात. आडव्या थरात थोड्या थोड्या अंतरावर एकेक वीट उभी बसवलेली आहे आणि या उभ्या विटांची रांग माशाच्या काट्यासारखी तिरकी वर चढत गेली आहे. चुना ओला असताना आतल्या बाजूला कललेला थर घसरू नये, म्हणून या उभ्या विटा आडव्या विटांना पाचरीसारख्या धरून ठेवत. प्रत्येक थर पूर्ण झाला, की तो स्वतःचा भार स्वतः पेलू लागे आणि गवंडी त्यावर पुढचा थर रचत. चाळीस लाखांहून अधिक विटांचे हे बांधकाम सुमारे सोळा वर्षे याच रीतीने वाढत गेले. जगातील सर्वांत मोठ्या वीटबांधणीच्या घुमटांत आजही त्याची गणना होते.

वर पोहोचल्यावर साऱ्या शहराची तांबूस कौले आणि पलीकडच्या टेकड्या दिसतात. ते दृश्य सुंदर आहेच. तरीही त्या पोकळीतील विटांच्या भिंतीसाठी मी हा जिना पुन्हा चढेन. घुमटाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते आधीच काढून ठेवावे लागते. खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत आणि मोठ्या पिशव्या वर नेता येत नाहीत. खाली उतरल्यावर कॅथेड्रलच्या मागे असलेले वस्तुसंग्रहालय चुकवू नये. बाप्तिस्मागृहासाठी लोरेंझो गिबेर्ती याने घडवलेले सोनेरी कांस्य दरवाजे मूळ स्वरूपात तेथे आहेत. बाहेर चौकात ज्यांच्यासमोर गर्दी उसळते, त्या त्यांच्या प्रतिकृती आहेत. बायबलमधील कथा सांगणारे ते दहा चौकोन काचेपलीकडे का होईना, शांतपणे आणि जवळून पाहता येतात.

दुसरे आकर्षण म्हणजे मायकेलँजेलोचा डेव्हिड. अकादेमिया या कलादालनात तो ठेवला आहे. संगमरवराच्या ज्या शिळेतून तो घडला, ती दुसऱ्या शिल्पकारांनी हाताळून अर्धवट सोडलेली होती आणि कॅथेड्रलच्या आवारात कित्येक वर्षे पडून होती. ती उंच होती, पण रुंदीला कमी. १५०१ मध्ये ते काम हाती घेताना मायकेलँजेलो केवळ सव्वीस वर्षांचा होता. १५०४ मध्ये पाच मीटरांहून उंच असा हा पुतळा नगरसभेच्या वाड्यासमोर, उघड्या चौकात उभा राहिला. १८७३ मध्ये त्याला छताखाली हलवण्यात आले. सध्या चौकात आहे ती १९१० साली बसवलेली प्रतिकृती. मूळ पुतळ्यापाशी गेल्यावर आधी त्याचा उजवा हात पाहावा. शरीराच्या मानाने तो मोठा आहे आणि मनगटाच्या खालच्या शिरा दगडातही ताणलेल्या दिसतात. त्याच दालनात मायकेलँजेलोने अपुरे सोडलेले कैद्यांचे पुतळेही आहेत. छिन्नीचे व्रण त्यांच्यावर जसेच्या तसे आहेत आणि शिल्पकार दगड कोणत्या बाजूने खोदत आत जात असे, हे तेथे उघड दिसते. डेव्हिडकडे धावत जाणारे बहुतेक प्रवासी हे पुतळे ओलांडून पुढे जातात, याचे मला वाईट वाटते.

उफित्सी संग्रहालयाविषयी सांगण्यासारखे इतके आहे, की मी थोडक्यातच बोलतो. संपूर्ण संग्रहालय पाहण्याचा अट्टहास धरू नये. बॉटिचेलीची ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’ ही दोन मोठी चित्रे, लिओनार्दोची तरुणपणीची कामे आणि काराव्हाज्जोचे दालन एवढे मन लावून पाहिले, तरी सकाळ सार्थकी लागते. हा ठेवा आज फ्लॉरेन्समध्येच आहे, त्याचे श्रेय एका स्त्रीला द्यावे लागते. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची सत्ता १७३७ मध्ये संपली, तेव्हा घराण्यातील शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने नव्या राज्यकर्त्यांशी, म्हणजे व्हिएन्नाच्या राजघराण्याशी नाते जुळलेल्या लोरेन घराण्याशी, करार केला, की घराण्याने जमवलेली चित्रे, शिल्पे, ग्रंथ आणि रत्ने यांतील काहीही शहराबाहेर जाणार नाही आणि ते लोकांच्या उपयोगासाठी राहील. तो करार झाला नसता, तर या भिंतींवरील कितीतरी चित्रे आज व्हिएन्नात पाहावी लागली असती. उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे तारखा ठरवतानाच ध्यानात ठेवावे.

संध्याकाळी आर्नो नदीवरच्या जुन्या पुलावर, म्हणजे पोंते वेक्कियोवर जावे. हा पूल १३४५ सालचा आहे. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फर्दिनांदो याने ती हटवून सोनारांना जागा दिली आणि आजही तेथे सोन्याचांदीचीच दुकाने आहेत. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने शहरातील बाकी सारे पूल उडवून दिले, एवढा एकच ठेवला. १९६६ च्या नोव्हेंबरातील महापुरात याच नदीने शहरात चिखल आणि तेलाचा लोंढा आणला, तेव्हा देशोदेशींचे तरुण आले आणि त्यांनी ग्रंथालयाच्या तळघरांतून ओली पुस्तके हातोहात बाहेर काढली. सांता क्रोचे या चर्चमध्ये मायकेलँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत. त्या पुरात तेराव्या शतकातील चित्रकार चिमाबुए याने रंगवलेल्या क्रूसाची जी हानी झाली, तिच्या खुणाही तेथे दिसतात.

खाण्यापिण्याचे सांगायचे, तर येथील पावात मीठ नसते, म्हणून पहिला घास अळणी लागतो. शिळा पाव, घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे आणि गडद हिरवी कोबीची पाने यांचे दाट कालवण, ज्याला रिबोल्लिता म्हणतात, ते आणि टोमॅटो व पाव यांचे पाप्पा अल पोमोदोरो शाकाहारी मंडळींना चालण्यासारखे असते. तरी त्यात मांसाचा रस घातलेला नाही ना, हे विचारून घ्यावे. रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारे लांप्रेदोत्तो हे गाईच्या जठराचे असते, हे आधीच माहीत असलेले चांगले.

आता त्या राखून ठेवलेल्या दुपारीकडे वळतो. कोल्हापूरच्या गादीवर १८६६ मध्ये राजाराम महाराज आले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. इंग्रजी शिकलेले, वाचनाची आवड असलेले हे तरुण महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडणे ही त्या काळी हिंदू राजघराण्यात लहान गोष्ट नव्हती. इंग्लंडमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या आणि रोज दैनंदिनी लिहिली. परतीच्या प्रवासात युरोपातून इटलीत उतरताना त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. बरोबरच्या मंडळींनी हिंदू रीतीने दहन करण्याची परवानगी मागितली. मृतदेह पुरण्याची परंपरा असलेल्या या शहरात ही मागणी सर्वस्वी नवी होती, तरी ती मान्य झाली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, कॅशिने उद्यानाच्या टोकाला, रात्रीच्या अंधारात चिता रचली गेली.

त्याच जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला, तेच हे मँट. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. तो चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. फ्लॉरेन्समधील असंख्य पांढऱ्या संगमरवरी पुतळ्यांनंतर हा रंगवलेला पुतळा पाहताना नजर आपोआप पागोट्यावर आणि गळ्यातील अलंकारांवर खिळते. चौथऱ्यावर एकाहून अधिक भाषांत लेख कोरलेला आहे. स्थानिक लोक या परिसराला आणि जवळच्या मोठ्या पुलालाही ‘इंदियानो’ म्हणजे भारतीयाच्या नावाने ओळखतात, त्यामुळे वाट विचारताना तेवढाच शब्द पुरतो. महाराजांची दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली आणि कोल्हापुरातील राजाराम कॉलेज त्यांचेच नाव आजही चालवत आहे. ज्या मराठी माणसाला फ्लॉरेन्सपर्यंत जाण्याची संधी मिळते, त्याने या तरुण छत्रपतींच्या छत्रीसमोर चार फुले ठेवून यावे, असे मला मनापासून वाटते.

तेथे जाणे अवघड नाही. मुख्य रेल्वे स्थानकाजवळून ट्राम घेऊन कॅशिनेच्या थांब्यावर उतरावे आणि नदी डाव्या हाताला ठेवून झाडांच्या सावलीतून पश्चिमेकडे चालत राहावे. वाट सपाट आहे, सायकल मिळाली तर उत्तमच. मंगळवारी सकाळी याच उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो, तेव्हा मंगळवार निवडला तर बाजारही पाहून होतो. उद्यान मोठे आणि त्या टोकाला वर्दळ कमी असल्यामुळे अंधार पडण्यापूर्वी परतावे, आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. नमस्कार.