चोवीस व्होल्टची बस

वेंगुर्ल्याजवळ माडांच्या सावलीत उभी असलेली ही बस पूर्वी प्रवासी वाहायची. आता आत ओटा आहे, दोन बर्थ आहेत, छोटा फ्रीज आहे. किनाऱ्याने मुक्काम करत फिरायला ती तयार होतेय. सुतारकाम सुरेखच झालंय, पण आपण आधी बॅटरीच्या कप्प्याचं दार उघडू या.

बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, सिरीजमध्ये जोडलेल्या. दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावला की आकडा येतो २५.४. गाडी रात्रभर बंद होती आणि बॅटऱ्या भरलेल्या आहेत, म्हणून एवढा. इंजिन सुरू केलं, अल्टरनेटर चार्ज द्यायला लागला, की तोच आकडा २८ च्या आसपास चढतो.

मोठं डिझेल इंजिन फिरवायचं तर सेल्फला फार ताकद लागते. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच ताकदीला निम्मे अँपिअर पुरतात. बस-ट्रकला चोवीस व्होल्ट असतात ते त्यासाठी.

घर म्हणून राहायचं तर हा फायदा आणखी मोठा. इंडक्शनवर भात शिजतोय, समजा १२०० वॅट. इन्व्हर्टरमधली घट सोडून देऊ. बारा व्होल्टवर १०० अँपिअर, चोवीसवर ५०.

आता हा लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेली तांब्याची कडी, जवळून बघा. तांब्यावर हिरवट थर चढलाय. खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. अशा सांध्यात फक्त दहा मिलिओहम रोध आला तरी १०० अँपिअरला तिथे १०० वॅटची उष्णता तयार होते आणि एक अख्खा व्होल्ट वाया जातो. ५० अँपिअरला उष्णता २५ वॅट, म्हणजे चौथा हिस्सा. किनाऱ्यावरच्या बसला मी चोवीसच सुचवेन, आणि वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची.

पण दिवे, पाण्याचा पंप, टेप हे सगळं बाजारात बारा व्होल्टचं सर्रास मिळतं. मग मोह होतो तो दोघींपैकी खालच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या, एकाच बॅटरीवरून वायर ओढण्याचा. कृपा करून हे करू नका. खालची रोज उतरते, वरची भरलेलीच राहते; अल्टरनेटरला दिसते ती दोघींची बेरीज. वरचीचं पाणी आटत जातं, खालची पुरती भरतच नाही आणि शेवटी दोन्ही हातच्या जातात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवा.

घराची बॅटरी मात्र वेगळी हवी, म्हणजे रात्री पंखा चालला तरी सकाळी सेल्फ लागेल. इथे लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल आहेत, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे, एकूण २५.६. बॅटरी बरीच उतरली तरी यांचा व्होल्टेज जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे त्यावरून चार्ज ओळखायला जाल तर फसाल. त्यासाठी शंट, म्हणजे प्रवाह मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा, लावून आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजावे लागतात. रात्रभर एअर कंडिशनर हवा असेल तर अठ्ठेचाळीस व्होल्टचा विचार करता येईल, पण मग बसच्या मूळ वायरिंगशी थेट जुळत नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच डीसीचा, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा, फ्यूज हवा. घरातल्या एसी प्रवाहाचा एमसीबी, म्हणजे आपोआप ट्रिप होणारा स्विच, इथे चालत नाही: डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

आता इंडक्शन चालू आहे. बॅटरीवर २५.९, इन्व्हर्टरच्या टोकांवर २५.७. वायरीत ०.२ व्होल्ट जातायत, हे चालण्यासारखं आहे. पावसाळा सरला की हीच दोन मोजमापं पुन्हा घ्यायची. फरक वाढला असेल तर लग उघडून घासायचे, घट्ट आवळायचे आणि वर पेट्रोलियम जेली लावायची.