पहिल्या रात्रीचे प्रश्न

(दृश्य: कोल्हापूर, राजारामपुरीतलं घर. कागदांनी भरलेलं टेबल.)

निवेदन:
या घरात सध्या डायनिंग टेबलावर ताट ठेवायला जागा नाही. पासपोर्ट, दहावीचं मार्कलिस्ट, आई-वडिलांच्या सह्यांचे फॉर्म आणि लसीकरणाचं जुनं कार्ड. ऑगस्टमध्ये मुलगी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघेल. वर्षभर तिथल्या हायस्कूलमध्ये शिकायचं आणि तिथल्याच एका कुटुंबात राहायचं. कुठल्या राज्यात, कुणाच्या घरी, ते अजून कळलेलं नाही.

नातेवाईक विचारतात, "मग अकरावीचं काय? वर्ष वाया." वडील हल्ली उत्तर देत नाहीत, चहा पुढे करतात.

अशा शिष्यवृत्त्या आता आपल्याकडेही माहीत झाल्यात. केनेडी-लुगर, म्हणजे 'येस', ही अमेरिकी सरकारनं २००२ साली सुरू केली. एएफएस ही संस्था तर पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांची. १९४७ पासून ती शाळकरी मुलांना परदेशी पाठवते.

आजोबांना मात्र कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज आठवतात. १८७० साली महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले, प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. वय वीस. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये... इथं आजी त्यांना थांबवते. जाणाऱ्या पोरीला हे सांगतात का कोण!

(दृश्य: दवाखाना. कार्डावरच्या पुसट तारखा.)

सगळ्यात जास्त फेऱ्या झाल्या त्या या कार्डापायी. लसींची नोंद दाखवल्याशिवाय तिथली शाळा सहसा वर्गात बसू देत नाही, आणि कुठल्या लसी हव्यात हे राज्याप्रमाणे बदलतं. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, कांजिण्या, धनुर्वाताचा बूस्टर. आपल्याकडे बाळाला जन्मतःच क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचतात. त्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. रक्ताच्या चाचणीत ती गफलत होत नाही. हे निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

(दृश्य: स्वयंपाकघर. कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं.)

आईची काळजी वेगळी. मसाला बंद पाकिटात, विमानतळावर जाहीर करून न्यायचा. ताजा कढीपत्ता मात्र चालत नाही. पण पोरगी खाणार काय, यापेक्षा ती मागून खाईल का, हा खरा प्रश्न. कोल्हापुरात तीनदा नको म्हटलं तरी पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढ्यात येतेच. तिथं एकदा नको म्हटलं की भांडं पुढं सरकतं. लाजलं की उपाशी.

म्हणून ही वही. पहिल्याच रात्री यजमानांना विचारायचे प्रश्न तिनं लिहून काढलेत. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मळके कपडे कुठं टाकू? सकाळी बाथरूम कुणाला किती वाजता लागतं? फ्रिजमधलं न विचारता घेतलं तर चालेल का? मांस न खाण्याचे माझे वार आहेत, ते तुम्हाला जमतील का? शेवटच्या प्रश्नावर दोनदा काट मारून तो पुन्हा लिहिलाय.

देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीच्या जे-१ व्हिसावर येणाऱ्या शाळकरी मुलांना ठेवून घेण्याचे यजमानांना पैसे मिळत नाहीत. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची गुन्हेगारी नोंद तपासली जाते, संस्थेचा समन्वयक दर महिन्याला विचारपूस करतो. हे ऐकून आई जरा निवांत झाली. पण फुकट ठेवतात म्हणजे पाहुणी म्हणून नाही, घरातली म्हणून ठेवतात. भांडी घासावी लागतील. त्यामुळे सध्या वॉशिंग मशीन, स्वतःचं ताट आणि बाथरूमची फरशी तिच्याकडे. भाऊ खूश आहे.

नियमही कडक. गाडी चालवायची नाही. बहुतेक संस्था त्यासाठी थेट घरी धाडतात. लायसन्स नसताना रंकाळ्याला मोपेड फिरवणाऱ्या मैत्रिणींना हे ऐकून हसू येतं.

(दृश्य: गच्ची. मायलेकी कपडे वाळत घालताहेत.)

शेवटची बोलणी चालली आहेत ती तिथून घरी फोन किती करायचा यावर. घरी रोज फोन केला की मुलांचं मन तिथं रमत नाही, असं संस्थेचं म्हणणं. आईनं रविवार कबूल केलाय.

"पण मेसेज केला तर उत्तर द्यायचं."
"देतो की."
"लगेच. रात्री नऊला मी मोकळी असते."
"आई, इथं रात्रीचे नऊ म्हणजे मी तिथं शाळेत असतो!"