पहिली पायरी रेफरीची

संशोधनाचा पेपर कसा लिहायचा हे तुमचे गाइड तुम्हाला शिकवतील. तो पुढे कुणाच्या हातात जातो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. जर्नलचे, म्हणजे संशोधन-नियतकालिकाचे, संपादक तो छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेतात; हे तपासणारे म्हणजे रेफरी. या सगळ्यांत बायका किती असतात, आज त्याबद्दल बोलू.

लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे जर्नल सुरू केलं. पुढे तिथे रीतच पडली, की बाहेरच्या माणसाचा पेपर सोसायटीच्या सभासदानं मांडायचा. आणि सभासद सगळे पुरुष! हर्था एर्टन नावाच्या बाई विजेच्या आर्कवर, म्हणजे दोन टोकांमध्ये पेटत्या राहणाऱ्या विजेच्या झोतावर, काम करत. तेव्हाचे आर्कचे दिवे फुसफुसायचे, लुकलुकायचे; ते का, हे त्यांनी शोधून काढलं. १९०१ साली त्यांचा पेपर सोसायटीत वाचला गेला, पण वाचला जॉन पेरी यांनी. पुढच्या वर्षी बाईंचं नाव सभासदत्वासाठी सुचवलं गेलं, तर वकिलांचा सल्ला आला की विवाहित स्त्रीला सभासद होता येत नाही. १९०४ मध्ये वाळूवर उमटणाऱ्या लाटांच्या खुणांवरचा पेपर त्यांनी स्वतः उभं राहून वाचला. सोसायटीत असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सभासदत्व मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. पहिल्या दोन स्त्रिया आत गेल्या त्या १९४५ साली.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. ‘नेचर’ हे विज्ञानाचं जर्नल १८६९ साली निघालं आणि त्याला पहिल्या स्त्री मुख्य संपादक, मॅग्डालेना स्किपर, २०१८ मध्ये मिळाल्या. ‘सायन्स’ १८८० चं; तिथे मार्शिया मॅकनट २०१३ मध्ये आल्या. २०२३ साली हजाराहून जास्त जर्नल्सची पाच दशकं तपासणारा एक अभ्यास आला. त्यात लेखकांमध्ये स्त्रिया २६ टक्के होत्या, संपादकांत १४ आणि मुख्य संपादकांत फक्त ८.

ही गळती होते कुठे? मुख्य संपादक जाहिरात देऊनच निवडला जातो असं नाही. आधी तुम्ही रेफरी असता, वेळेवर नीट अहवाल देता, मग संपादक मंडळावर घेतात, मग एक दिवस खुर्ची. म्हणजे पहिली पायरी रेफरीची. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या जर्नल्सचा २०१२ ते २०१५ चा हिशेब २०१७ मध्ये छापून आला. स्वीकारलेल्या पेपरांच्या प्रथम लेखकांत स्त्रिया २७ टक्के, रेफरींमध्ये २०. बायकाच नकार देत असतील, असं लगेच म्हटलं जातं. नकार किंचित जास्त होते खरे, पण मुळात त्यांची नावंच कमी सुचवली जात होती. लेखकही कमी सुचवत होते, संपादकही. मला स्वतःला रेफरी म्हणून आलेल्या पहिल्या ईमेलची सुरुवात ‘डिअर सर’ अशी होती. मी अहवाल दिला, पण ते दोन शब्द अजून डोक्यात आहेत.

मुख्य संपादकाच्या खुर्चीत काय ताकद असते ते पाहा. २००४ साली वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांनी मिळून ठरवलं, की औषधाची चाचणी सुरू करण्याआधी तिची जाहीर नोंद नसेल तर निकाल छापायचे नाहीत. गैरसोयीचे निकाल गुपचूप पुरणं त्यामुळे अवघड झालं. त्या संपादकांत ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय जर्नलच्या पहिल्या स्त्री मुख्य संपादक कॅथरिन डी’अँजेलिस होत्या. आपल्याकडेही २००७ मध्ये चाचण्यांची नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. काय छापायचं, कुठल्या अटीवर छापायचं, हे ठरवताना तिथे कोण बसलं आहे, हे म्हणूनच महत्त्वाचं.

पेपर पाठवताना अनेक जर्नल्स विचारतात, तुमच्या मते रेफरी कोण असावेत? आपण घाईत ओळखीची नावं भरून मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता माझ्या वहीत शेवटची दोन पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत. चांगला पेपर वाचला, लिहिणारी बाई असली, की तिचं नाव, संस्था आणि विषय तिथे टिपते. ती पानं आज बरोबर आणली आहेत. चहाच्या वेळी ज्यांना हवी त्यांनी फोटो काढून घ्या, आणि त्यात राहून गेलेली नावं मला सांगा.